मनीप्लांट लोंबवू नका, चढवा

मनीप्लांट नसलेलं घर महाराष्ट्रात शोधावंच लागेल. जुन्या काचेच्या बाटलीत, टीव्हीच्या शेजारी, जिन्याच्या वळणावर, दवाखान्याच्या बाकड्यामागे, सगळीकडे तो असतो आणि बहुतेक ठिकाणी सारखाच दिसतो: लांबलचक वेल, मध्ये टक्कल, शेंड्याला चार लहान पानं. झाड मरत नाही, म्हणून कुणी त्याच्याकडे बघतही नाही. पण हीच वेल कोकणातल्या एखाद्या परसात आंब्याच्या नाहीतर माडाच्या खोडावर चढलेली दिसली, तर पटकन ओळखू येत नाही. एकेक पान हातभर लांब, कडेनं फाटल्यासारखं चिरलेलं आणि देठ अंगठ्याएवढा जाड.

जात तीच आहे, फरक आधाराचा. जमिनीवर सरपटणारी किंवा हवेत लोंबणारी वेल आधार शोधत असते, तोवर ती पानांवर खर्च करत नाही. पेरं लांबवते आणि पानं लहान ठेवते. खोड सापडलं, गाठींवरची मुळं त्यात रोवली गेली, की पुढचं पान आधीच्यापेक्षा मोठं येऊ लागतं. घरातल्या कुंडीतही हे जमतं. त्यासाठी एक ओला खांब, खिडकीजवळची जागा आणि न घाबरता चालवलेली कात्री एवढंच लागतं.

आधी ओळख पटवून घ्या

आपल्याकडे मनीप्लांट म्हणून विकली जाणारी वेल म्हणजे एपिप्रेम्नम ऑरियम. अळू, सुरण, अँथुरियम यांच्याच कुळातली. मूळची प्रशांत महासागरातल्या, ताहितीशेजारच्या मोरेआ या छोट्या बेटावरची. १८८० मध्ये तिला पोथॉस ऑरियस असं नाव दिलं गेलं, पुढे नावं बदलत गेली आणि १९६४ मध्ये आत्ताचं नाव मिळालं. नर्सरीवाले अजून ‘पोथॉस’ म्हणतात ते या जुन्या नावावरून.

हिला फूल जवळपास येतच नाही. जिबरेलिन नावाचं जे संप्रेरक फुलोऱ्यासाठी लागतं, ते ही वेल पुरेसं बनवू शकत नाही, असं २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. म्हणजे घराघरातला मनीप्लांट हा कुठल्या ना कुठल्या वेलीचा तुकडाच असतो. त्यामुळे मनीप्लांटचं बी म्हणून कुणी पाकीट विकत असेल तर पैसे वाचवा. चोरून आणलेलाच मनीप्लांट लागतो असंही म्हणतात. मागून आणलेलाही तितकाच लागतो, आणि शेजाऱ्यांशी बोलणं चालू राहतं.

फिलोडेंड्रॉनची बदामी पानांची वेल आणि सिंगोनियम यांनाही सर्रास मनीप्लांट म्हणून खपवलं जातं. पान चाचपून बघा. मनीप्लांटचं पान जाडसर, मेणचट आणि बोटाला किंचित खडबडीत लागतं, देठावर वरच्या बाजूनं पन्हळ असते. फिलोडेंड्रॉनचं पान मऊ, पातळ असतं आणि नवं पान एका पातळ कागदी आवरणातून बाहेर पडतं, ते आवरण नंतर वाळून गळतं. निगा तिघांचीही बरीचशी सारखी, पण मोठ्या पानांची हौस असेल तर मनीप्लांटच घ्या.

त्यातही खांबावर चढवायला हिरव्या पानावर पिवळे शिंतोडे असलेला साधा ‘गोल्डन’ सगळ्यात चांगला. वाढ जोमदार, किंमत कमी. पोपटी ‘निऑन’ बऱ्यापैकी चढतो. पांढऱ्या-हिरव्या ‘मार्बल क्वीन’ला हिरवा भाग कमी, त्यामुळे वाढ सावकाश. ‘एनजॉय’ या आखूड पेराच्या, लहान पानांच्या जातीचं मूळ आपल्या पालघर जिल्ह्यातल्या बोईसरचं. तो टेबलावर छान दिसतो, खांबावर मात्र फार मोठा होईल ही अपेक्षा ठेवू नका.

कांडी: सगळं गाठीवर अवलंबून

वेल हातात घेऊन नीट बघा. पानाचा देठ जिथून निघतो तिथे खोडाला एक कडं दिसतं, ती गाठ. तिच्या आसपास, बहुतेकदा देठाच्या उलट बाजूला, तपकिरी रंगाचा एक टोकदार फुगवटा असतो. तेच हवेतलं मूळ. आणि देठाच्या बगलेत एक बारीक डोळा दडलेला असतो, नवा फुटवा तिथून येतो. या दोन्ही गोष्टी गाठीपाशीच असतात. म्हणून नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर ते महिनोन्‌महिने हिरवं राहील, कदाचित मुळंही सोडेल, पण त्याची वेल कधीच होणार नाही. उलट एकही पान नसलेला, पण गाठ असलेला तुकडा मातीत आडवा ठेवला तर फुटतो.

कापताना गाठीच्या अर्धा-पाऊण इंच खाली कात्री लावा. दोन किंवा तीन गाठींची कांडी पुरे. हातभर लांब वेल एकच कांडी म्हणून लावू नका, तिच्या चार कांड्या होतात आणि चारही लागतात. कात्री स्पिरिटनं पुसून घ्या. कापल्यावर जो चीक येतो तो काहींच्या त्वचेला खाजतो, तेव्हा हात धुवा आणि डोळे चोळू नका.

कांडी पाण्यात रुजवायची की थेट मातीत, यावर वाद घालायचं कारण नाही. दोन्हीकडे रुजते. पाण्यात मुळं डोळ्यांना दिसतात, म्हणून नवख्या माणसाला धीर येतो. खालच्या गाठीचं पान काढून टाका, गाठ पाण्यात बुडेल आणि पानं बाहेर राहतील असं ठेवा. उबदार दिवसांत दहा-पंधरा दिवसांत पांढरी मुळं दिसू लागतात, थंडीत महिनाही लागतो. मुळं दोन-तीन इंच झाली की मातीत लावा, उगाच सहा महिने थांबू नका. पाण्यात वाढलेली मुळं मातीला सरावायला वेळ घेतात आणि ती जितकी लांब, तितका हा खोळंबा जास्त. मातीत नेल्यावर पहिले दहा दिवस माती ओलसर ठेवा, नंतर नेहमीचं वेळापत्रक.

हंगाम म्हणाल तर जून ते सप्टेंबर उत्तम. हवेत दमटपणा असतो, कांडी सुकत नाही. मुंबई-कोकणात वर्षभर चालतं. नाशिक, पुणे, विदर्भ इथे डिसेंबर-जानेवारीत कांड्या लावायच्या टाळा आणि एप्रिल-मेच्या कोरड्या झळांतही.

एका कुंडीत एकच कांडी लावली तर एकच वेल मिळेल. मनीप्लांट वरून कापल्याशिवाय सहसा फांद्या फोडत नाही. म्हणून आठ इंची कुंडीत चार-पाच कांड्या एकदम लावा, सगळ्या खांबाला लागून.

कुंडी आणि माती

कांड्यांसाठी सहा इंची, खांब लावायचा असेल तर आठ ते दहा इंची कुंडी. याहून मोठ्या कुंडीनं सुरुवात करू नका. मुळं पोचत नाहीत तिथली माती ओली राहून आंबते. खांबाची कुंडी मातीची असलेली बरी, ती जड असते, वेल वर चढली की कलंडत नाही. तळाला भोक हवंच, त्यावर खापराचा तुकडा पालथा घाला.

देशावरची काळी माती मनीप्लांटच्या कामाची नाही. ती ओली झाली की फुगते, सुकली की तडकते आणि दोन्ही वेळा मुळांचा जीव जातो. पुण्या-मुंबईच्या नर्सरीत मिळते ती लाल मातीही एकटी वापरू नका, पाणी पडून पडून तिची वीट होते. माझं मिश्रण असं: दोन भाग लाल माती, दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाड वाळू किंवा पर्लाइट, म्हणजे हलके पांढरे सच्छिद्र खडे. मूठभर निंबोळी पेंड मिसळा. मिश्रण ओलं करून मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर गोळा राहावा आणि बोटानं टोचल्यावर फुटावा. फुटत नसेल तर वाळू वाढवा.

कोकोपीटची वीट भिजवल्यावर पहिलं पाणी फेकून द्या, एकदोनदा धुऊन मगच वापरा. त्यात बऱ्याचदा क्षार असतात आणि पानांची टोकं करपतात.

नर्सरीतून तयार रोप आणलं असेल तर पिशवी फाडून आत बघा. पुष्कळदा मुळांभोवती चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. प्रवासात रोप टिकावं म्हणून तो ठीक असतो, पण तसाच कुंडीत लावला तर भोवतीची माती कोरडी आणि गोळा चिंब, किंवा याच्या उलट, अशी गत होते. बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, मग हलक्या हातानं निम्मी माती सोडवून घ्या. सगळीच झाडून काढायची गरज नाही. आणि हे आणल्या दिवशीच नको, आठवडाभर रोपाला घरात रुळू द्या.

खांब

बाजारात मॉस स्टिक म्हणून जे मिळतं ते बहुतेकदा पीव्हीसी पाइपवर गुंडाळलेला काथ्या असतो. दिसायला बरं, पण पाइप पाणी धरत नाही, काथ्या दोन तासांत वाळतो आणि हवेतली मुळं वरवर चिकटून राहतात. वेलीला टेकू मिळतो, खाऊपिऊ मिळत नाही. मोठी पानं हवी असतील तर मुळं आत शिरतील असा, पोटात ओल धरणारा खांब लागतो. तो घरी तासाभरात होतो.

सामान: अर्ध्या इंचाच्या भोकांची प्लास्टिक लेपाची जाळी, दहा इंच रुंद आणि साडेतीन फूट लांब. साध्या लोखंडी जाळीला गंज चढतो. एक बांबूची काठी किंवा अर्धा इंची पाइप, चार फूट. सहा-सात नारळांची सोडणं, म्हणजे वरची जाड शेंडी. थोडं कोकोपीट. जाळी बांधायला तार किंवा झिप टाय.

१. सोडणं सुटी करून बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि रात्रभर पाण्यात टाका. सकाळी तांबूस पाणी ओतून द्या, पुन्हा एकदा भिजवा. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसेपर्यंत हे करा.

२. तीन भाग सोडण, एक भाग कोकोपीट असं ओलंच मिसळा.

३. जाळीची लांब नळी वळा, साधारण तीन इंच जाडीची. कडा चार-चार बोटांवर बांधा. तारेची टोकं आत वळवा, नाहीतर हात आणि वेल दोन्ही फाटतात.

४. काठी नळीच्या मधोमध उभी धरा आणि भोवती मिश्रण थोडं थोडं भरा. वीतभर भरलं की काठीनं हलकं दाबा. ठासून भरू नका, मुळांना हवाही लागते.

५. कुंडी निम्मी भरण्याआधी खांब तळाला टेकवून मागच्या कडेला उभा करा, मग माती घाला. कमीत कमी सहा इंच खांब मातीत जायला हवा. खांब मागे, वेली पुढे, आणि वेलींचं तोंड खिडकीकडे.

लावताना कांडीची हवेतल्या मुळांची बाजू खांबाकडे करा. ती बाजू कोणती ते तपकिरी फुगवट्यांवरून कळतं. वेल सरळ वर न्या. बरेच जण खांबाला गोल गोल वेढे देतात, त्यात निम्म्या गाठी खांबापासून सुटून बाहेर राहतात. प्रत्येक गाठ खांबाला टेकली पाहिजे. बांधायला जुन्या सुती साडीची चिंधी सगळ्यात चांगली: रुंद असते, काचत नाही. गाठीच्या अगदी खाली, खोडावर सैल बांधा. पानाचा देठ कधीही बांधू नका, पान उजेडाकडे वळायला त्याला मोकळीक लागते. दीड-दोन महिन्यांत मुळं आत शिरली की चिंध्या सोडा. वेल हलकेच ओढून बघा, निघत नसेल तर काम झालं.

खरी मेहनत खांब ओला ठेवण्याची. पाणी घालताना निम्मं कुंडीत, निम्मं खांबाच्या तोंडातून सावकाश. वेळ नसेल तर लिटरभराच्या बाटलीच्या झाकणाला सुईनं दोन भोकं पाडा आणि बाटली पाणी भरून खांबाच्या तोंडात उलटी खोचा. तासाभरात पाणी झिरपत खाली उतरतं. खांबावर रोज फवारा मारायचा सल्ला देतात, पण फवाऱ्यानं जाळीच्या बाहेरचा धागा ओला होतो, पोट कोरडंच राहतं.

पाचव्या-सहाव्या नव्या पानापासून फरक दिसू लागतो. पेरं आखूड होतात, पान तळहाताबाहेर जातं. घरात हातभर लांब, चिरलेलं पान येणं अवघड, त्याला झाडाच्या खोडाएवढी उंची आणि कोकणाची हवा लागते. पण तळहाताच्या दीड-दोनपट पान फ्लॅटच्या बाल्कनीत सहज येतं.

वेल खांबाच्या टोकाला पोचली आणि तिथून खाली लोंबू लागली की पानं पुन्हा लहान व्हायला लागतात. दोन मार्ग आहेत. वर जाळीची आणखी एक नळी जोडायची, किंवा वरचा दीड-दोन फुटांचा भाग, मुळांसकट, जाळी कापून वेगळा करायचा आणि नव्या कुंडीत नव्या खांबाला लावायचा. मला दुसरा मार्ग आवडतो. वरचा भाग मोठ्या पानांचा असतो आणि मुळं तयार असल्यानं तो तसाच मोठ्या पानांनी पुढे वाढतो. खालचा बुंधा पुन्हा फुटतोच.

उजेड

‘सावलीतलं झाड’ ही मनीप्लांटची ख्याती त्याच्या मुळावर आली आहे. सावलीत तो तगतो, वाढत नाही. दुपारी जिथे दिवा न लावता वर्तमानपत्र आरामात वाचता येतं, तिथे त्याची जागा. पूर्वेच्या खिडकीत सकाळचं कोवळं ऊन थेट आलं तरी चालतं. पश्चिमेच्या खिडकीत तीन-चार फूट मागे किंवा पातळ पडद्याआड. नागपूर-अकोल्याकडे एप्रिल-मेमध्ये पश्चिमेचं ऊन एका दुपारीत पानावर तपकिरी कोरडे डाग पाडतं, आणि ते डाग पुन्हा हिरवे होत नाहीत. तिथे हिरवी शेडनेट लावा.

उजेड कमी पडला की पानावरचे पिवळे-पांढरे शिंतोडे हरवतात, सगळं पान हिरवं येऊ लागतं. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे अंधाऱ्या कोपऱ्यात हिरवी वेलच पुढे निघून जाते. जागा बदला आणि शेवटचं रंगीत पान जिथे आहे त्याच्या वर कापा. हिरव्या झालेल्या टोकाला पुन्हा रंग येईल म्हणून वाट बघत बसू नका.

वास्तूवाले आग्नेय दिशा सांगतात. तुमच्या घरात आग्नेयेला खिडकी असेल तर काहीच हरकत नाही. खिडकी नसेल आणि तिथे स्वयंपाकघराचा अंधारा कोपरा असेल, तर दिशेपेक्षा झाडाचं ऐका.

थंडीत पारा दहा-बारा अंशांखाली जातो तिथे, म्हणजे नाशिक-निफाडकडे, रात्री कुंडी आत घ्या. एसीचा झोत थेट पानांवर नको.

पाणी, आणि डास

मनीप्लांट मरतो तो बहुधा पाण्यानंच, जास्त झालेल्या. रोज सकाळी देवपूजेनंतर तांब्याभर पाणी घालणाऱ्या घरात तो हमखास पिवळा पडतो. वार ठरवून पाणी घालू नका. बोट दोन पेरं मातीत खुपसा, कोरडं लागलं तर घाला, ओल लागली तर उद्या बघा. घालाल तेव्हा तळातून पाणी वाहेपर्यंत घाला. कुंडी लहान असेल तर उचलून बघण्याची सवय लावा, आठवड्याभरात हाताला वजनावरून कळू लागतं.

साधारण अंदाज हवा असेल तर: उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात एक दिवसाआड, पुण्यात तीन दिवसांनी, मुंबईत चार-पाच दिवसांनी. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी, थंडीत आठवड्यानं. खांब असेल तर खांबाला मात्र उन्हाळ्यात रोज थोडं. बोअरचं जड पाणी असेल तर मातीवर पांढरी पुटं चढतात आणि पानांची टोकं तपकिरी होतात. अशा घरांनी पावसाचं पाणी बादलीत धरून महिन्यातून एकदा कुंडी चांगली धुऊन काढावी.

आता बाटलीतल्या मनीप्लांटबद्दल, कारण पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी घरात येऊन सगळ्यात आधी तोच तपासतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. फुलदाणी, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे या त्याच्या आवडत्या जागा. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळतात त्यात बाटली धरा. नुसतं पाणी बदलून भागत नाही, अंडी भांड्याच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या पातळीच्या थोडी वर चिकटलेली असतात आणि कोरडीही कित्येक महिने टिकतात. बाटली आतून ब्रशनं घासा, मुळं नळाखाली धरा, मग नवं पाणी भरा. अरुंद तोंडाच्या बाटलीत ब्रश जात नसेल तर मूठभर तांदूळ आणि थोडं पाणी घालून खळखळून हलवा. तोंडाला कापसाचा बोळा लावला की डास आत जात नाही. कुंडीखालच्या ताटल्यांत वाळू भरा, किंवा सरळ काढून टाका.

पाण्यातल्या वेलीला खायला काहीच नसतं. कृषी सेवा केंद्रात १९:१९:१९ हे विद्राव्य खत मिळतं, ते लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा. पारदर्शक बाटलीत उजेड पोचतो म्हणून शेवाळ धरतं, रंगीत बाटली घ्या किंवा कागद गुंडाळा.

खत

मातीतल्या मनीप्लांटला फार लागत नाही. दोन-तीन महिन्यांनी मूठभर गांडूळखत वरची माती उकरून मिसळा. मोठ्या पानांच्या मागे असाल तर मार्च ते ऑक्टोबर दर पंधरा-वीस दिवसांनी १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम, आधीच ओल्या मातीत. थंडीत बंद. चहाचा चोथा, तांदळाचं पाणी, केळ्याच्या साली, ताक असले प्रकार कुंडीत ओतू नका. दूध-साखरेचा चोथा म्हणजे मुंग्या आणि चिलटांना आवतण. तो कंपोस्टच्या डब्यात जाऊ द्या, कुजून आला की झाडाला चालेल.

पानं महिन्यातून एकदा ओल्या फडक्यानं पुसा. तेल, दूध लावून चकाकी आणण्याची गरज नाही, त्यावर धूळच बसते.

छाटणी

फेब्रुवारीअखेर किंवा जून-जुलैत. टक्कल पडलेली लांब वेल कुंडीच्या काठापासून दोन-तीन गाठी ठेवून कापून टाका. काळजी नको, जिथे कापाल त्याच्या खालच्या गाठीतून नवा फुटवा येतो, कधी दोन येतात. कापलेल्या वेलीच्या कांड्या करून त्याच कुंडीत रिकाम्या जागी खोचा. एका पावसाळ्यात कुंडी भरते. जुनी लोंबती वेल जशीच्या तशी उचलून खांबाला बांधण्यात मात्र अर्थ नाही, तिच्या टकलावर पानं परत येत नाहीत.

दीड-दोन वर्षांनी मुळं तळाच्या भोकातून डोकावू लागली की कुंडी बदला. नवी कुंडी दोनच इंचांनी मोठी घ्या, आणि हे काम पावसाच्या तोंडावर करा.

काही बिघडलं तर

अगदी खालचं एखादं पान पिवळं पडलं तर ते म्हातारं झालंय, तोडून टाका. एकदम चार-पाच पिवळी पडली आणि माती ओली असेल तर मुळं कुजत आहेत. झाड उपटून बघा. निरोगी मूळ पांढरट आणि कडक असतं, कुजलेलं काळं, मऊ आणि ओढलं की त्याची साल हातात येते. कुजलेलं सगळं कापा, माती बदला. खोडही काळं मऊ झालं असेल तर निरोगी गाठीवरून कांड्या घ्या आणि नव्यानं सुरुवात करा, ते झाड वाचवण्यात महिना घालवू नका.

पानं मलूल, माती कोरडी: पाणी द्या, संध्याकाळपर्यंत उभी राहतात. पावसाळ्यात सकाळी पानाच्या टोकाला पाण्याचा थेंब लटकलेला दिसतो, तो आजार नाही. मुळांनी ओढलेलं जादा पाणी पान बाहेर टाकतं.

देठाच्या बगलेत कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसून काढा. त्यानंतर लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली कडुलिंबाचं तेल आणि थोडा भांडी घासायचा पातळ साबण घुसळून संध्याकाळी फवारा, पानाच्या खालच्या बाजूनंही. आठवड्यानं पुन्हा, असं तीनदा. एकदा फवारून सोडलं तर अंड्यातून निघालेली पुढची पिढी पंधरा दिवसांत हजर होते. उन्हाळ्यात पान निस्तेज, ठिपकेदार आणि खाली बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी. नळाच्या जोरदार पाण्यानं पानं खालून धुवा, बहुतेकदा तेवढंच पुरतं.

हवा शुद्ध होते म्हणून घेत असाल तर अपेक्षा थोडी कमी करा. नासाचा १९८९ चा जो अभ्यास सगळीकडे सांगितला जातो तो लहानशा बंद पेट्यांमधला होता. पुढे २०१९ मध्ये अशा सगळ्या अभ्यासांचा हिशेब मांडला गेला तेव्हा निघालं की घरात खिडक्या-फटींतून जेवढी हवा बदलते त्याची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. खिडकी उघडा, मनीप्लांट डोळ्यांसाठी ठेवा.

रांगतं मूल, मांजर, आणि फेकलेल्या वेली

अळू जसा घशाला खाजतो तसाच मनीप्लांटही, आणि कारणही तेच: पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं तर तोंडाची आग, लाळ, ओठांना सूज. माणसाला सहसा जिवावरचं नसतं, पण मूल असेल तर तोंड धुऊन गार पाणी द्या, आणि गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर लगेच डॉक्टर. मांजर-कुत्र्याला उलट्या होतात, पशुवैद्यांना दाखवा. लोंबत्या वेलीशी मांजर हमखास खेळतं. खांबावर चढलेली वेल या बाबतीतही बरी, फक्त खालची पानं काढून टाका.

दहा-बारा दिवस गावाला जाणार असाल तर शेजाऱ्यांकडे चावी देऊन ‘रोज पाणी घाला’ म्हणू नका, ते प्रेमानं बुडवतील. निघायच्या दिवशी कुंडी आणि खांब चिंब करा, खिडकीपासून चार फूट आत सरकवा. त्याहून जास्त दिवस असतील तर पाण्यानं भरलेली, झाकण लावलेली बादली कुंडीपेक्षा थोडी उंच ठेवा, झाकणाच्या भोकातून जाड सुती नाडीचं एक टोक बादलीच्या तळापर्यंत, दुसरं मातीत चार बोटं खोल. तीन आठवडे निभतं.

छाटलेल्या वेली नाल्यात, टेकडीवर किंवा रानाच्या कडेला फेकू नका. एका गाठीतून वेल उभी राहते आणि मोकळ्या जागी ती झाडावर चढून खालची जमीन झाकून टाकते. श्रीलंका, हवाई अशा ठिकाणी ती जंगलात घुसलेली आहे, आणि आपल्या कोकणाची नि घाटाची हवा तिला तितकीच मानवते. जादा कांड्या कुणाला द्या. द्यायला कुणी उरलं नसेल तर गाठी उन्हात गच्चीवर कडकडीत वाळवा, मग कंपोस्टमध्ये टाका.